बॉनेट उघडल्यावर : जुन्या डिझेल गाडीचे प्रश्न

यावेळी आलेली जवळपास सगळी पत्रं जुन्या डिझेल गाड्यांचीच आहेत आणि प्रश्न फिरून फिरून एकच, मेकॅनिकने अमुक पार्ट टाकायला सांगितलाय, टाकू का? माझं उत्तर बहुतेकांना आवडणार नाही, पण थांबा, आधी घरच्या पार्किंगमध्ये अर्धा तास घालवा. मी वागळे इस्टेटला पंप-नोझलच्या, म्हणजे इंजिनात डिझेल मारणाऱ्या भागांच्या, कामात पंचवीसेक वर्षं काढली, त्यातली पहिली चार-पाच वर्षं तरी मीसुद्धा अंदाजपंचे पार्ट बदलत होतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकलो म्हणा ना. त्यामुळे हे बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

प्रश्न : काका, माझी २०१० ची कॉमन रेल डिझेल आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. सकाळी स्टार्ट व्हायला दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो, एकदा चालू झाली की दिवसभर लोण्यासारखी चालते. पाडव्याला सर्व्हिसिंग केलं तेव्हा डिझेल फिल्टर, ऑइल सगळं बदललं, त्यानंतर महिनाभरात हे सुरू झालं. चारही हीटर प्लग बदलले, बॅटरी नवी टाकली, फरक शून्य. आता इंजेक्टर म्हणतायत. गंमत म्हणजे ऑफिसच्या कामाने गाडी रात्रभर महापेला राहिली की सकाळी एका झटक्यात चालू होते. बिल्डिंगमध्येच काय होतं कळत नाही. (एक वाचक, पारसिक हिल, बेलापूर)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे हो, दोनदा आहे! एक म्हणजे पत्ता पारसिक हिलचा, आणि दुसरं, फिल्टर बदलल्यावर सुरू झालं.

तुम्ही लिहिलेलं नाही पण मी पैज लावतो की तुमची गाडी बिल्डिंगमध्ये चढावर, तोंड वर करून उभी असते. टाकी मागे, इंजिन पुढे, म्हणजे रात्रभर इंजिन वर आणि टाकी खाली. आता टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये कुठेही केसाएवढी फट असली ना, की तिथून हवा आत शिरते आणि पाइपातलं डिझेल हळूहळू उतारावरून परत टाकीत जाऊन बसतं. सकाळी तुम्ही सेल्फ मारता तेव्हा पंप आधी ती हवा ओढतो, मग डिझेल येतं, मग रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, प्रेशर तयार होतं, तोवर तुमचे बारा सेकंद गेले. प्रेशर पुरेसं झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल, उघडतच नाही, हे कॉमन रेलचं वैशिष्ट्य. महापेला जमीन सपाट, तिथे डिझेल जागेवर राहतं.

मग लोक म्हणतात पण खाली थेंब तर पडत नाही, लीकेज कसं असेल? तेच तर. फिल्टरवर दाबायचा हँड पंप असलेल्या गाड्यांत सहसा टाकीपासून मेन पंपापर्यंतच्या लाइनला दाब नसतो, ओढ असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, फार तर एखाद्या क्लिपपाशी धूळ जरा जास्त चिकटलेली, काळपट ओली दिसेल. बोट फिरवून वास घ्या, कळेल.

तर आता करायचं काय. उद्या सकाळी चावी लावायच्या आधी बॉनेट उघडा, हँड पंप दाबायला लागा आणि मोजा. नीट असलेल्या गाडीत दोन-तीन दाबांत तो कडक होतो. तुमचा पंधरा-वीस दाबांपर्यंत फुसफुस करत राहिला आणि मग कडक झाला, आणि त्यानंतर गाडी दोन सेकंदात चालू झाली, तर विषय संपला, इंजेक्टरचा काही संबंध नाही. खात्री करायची तर दुसऱ्या रात्री गाडी उलटी लावा, तोंड उताराकडे. सोसायटीचा वॉचमन बघेल विचित्र नजरेने, बघू दे. सकाळी एका झटक्यात चालू झाली तर मग अजून काय पाहिजे.

हवा कुठून येते ते शोधायला फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात वीतभर पारदर्शक पाइप टाकून बघतात. तुर्भ्याला ट्रक टर्मिनलच्या आसपासच्या दुकानांत डिझेलला चालणारा पारदर्शक पाइप मागा. सलाइनची नळी वापरायचा जुगाड सगळे करतात, पण ती डिझेलने कडक होते आणि क्लिपमधून सुटते, दहा मिनिटं बघण्यापुरती ठीक, तशीच ठेवून ऑफिसला जाऊ नका. इंजिन चालू असताना त्या पाइपात सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सतत पळताना दिसले तर हवा फिल्टरवर किंवा त्याच्या अलीकडे टाकीच्या बाजूला कुठेतरी येतेय. मग एकेक जोड बघत मागे जायचं.

पण तुमच्या केसमध्ये मी आधी फिल्टरच बघेन. नवा फिल्टर बसवताना रबरी रिंग मुडपली जाते, किंवा जुनी रिंग वरच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते. हे मी स्वतः केलंय, माझ्याच जुन्या जीपवर, आणि दोन दिवस पंप उघडून बसलो होतो, शेवटी बायकोने चहा देताना विचारलं की काल तू ते गोल काय बदललंस त्यानंतरच बिघडली ना? ते गोल म्हणजे फिल्टर.

आणि हीटर प्लगचं, म्हणजे थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचं, एकदा सांगून टाकतो कारण हा पैसा सगळेच घालवतात. आपल्याकडे जानेवारीतली पहाटसुद्धा पंधरा-सोळा डिग्रीच्या आसपास असते, एवढ्या उबेत कॉमन रेल इंजिन बहुतेक वेळा हीटर मेलेले असतानाही चालू होतं, फार तर पहिले काही सेकंद थरथरेल आणि पांढरा धूर टाकेल. जुन्या पद्धतीच्या, वेगळ्या चेंबरमध्ये डिझेल मारणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी, त्यांना ठाण्यातही हीटर लागतो. तपासायचे तर मल्टिमीटर ओहमवर लावा, प्लगची वायर काढून टोक आणि इंजिनची बॉडी यात मोजा, साधारण अर्धा ते दोन ओहम आलं तर प्लग जिवंत, काहीच आलं नाही तर मेला. दोनशे-तीनशे रुपयांचा मीटर आहे, आणि तोच मीटर बॅटरीला पण चालतो : रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, चालू गाडीत पावणेचौदा ते साडेचौदा. हे तीन आकडे बॅटरी घ्यायच्या आधी बघितले असते तर तुमचे पाच-सहा हजार वाचले असते. असो.

प्रश्न : नमस्कार, मिस्टरांची २००८ ची डिझेल गाडी आहे, टर्बो नसलेली, जुन्या पंपाची. ते गेल्यावर मीच चालवते, विकायची इच्छा नाही. १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतली, पण आता पीयूसीला काळा धूर म्हणून परत पाठवलं. गॅरेजवाले पंप-नोझल कॅलिब्रेशन सांगतात, पंचवीस हजार. त्याआधी मी स्वतः काही बघू शकते का? हात काळे झाले तरी चालतील. (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

ताई, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं.

आधी धूर खरंच काळाच आहे ना ते बघू. एक पांढरा कागद घ्या, इंजिन गरम असताना सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब धरा आणि कुणाला तरी आत बसवून तीन-चारदा हलकी रेस द्यायला सांगा. पार्किंगमध्ये उघड्यावर करा, बंद बेसमेंटमध्ये नको. कागदावर कोरडी काळी पूड बसली, बोटाने पुसली जाते, तर ते जास्तीचं डिझेल किंवा कमी पडलेली हवा. तेलकट डाग पडून पसरला तर ऑइल जळतंय, त्याचा धूर निळसर असतो आणि तो खर्च वेगळा. पांढरा धूर असेल तर वास घ्या, डोळे चुरचुरतील असा उग्र वास म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि गोडसर वास येऊन कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघावं लागेल.

कोरडी पूड आली असं धरून चालतो. एअर फिल्टरचा डबा उघडा, चार क्लिपा असतात, फिल्टर बाहेर काढून त्याच्या मागे मोबाइलचा टॉर्च लावा. उजेड घड्यांमधून आरपार दिसला पाहिजे. घोडबंदर रोडला मेट्रोचं आणि रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, तिथली धूळ खाल्लेला फिल्टर मी असा बघितलाय की टॉर्च सोडा, सूर्य लावला असता तरी उजेड आला नसता. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत घालतात, बाहेरच्या बाजूने मारली तर धूळ अजून आत रुतते. नवा टाका, काही शे रुपयांचं काम.

फिल्टर स्वच्छ असेल तर मग प्रश्न विचारा, धूर कधी येतो? फक्त जोरात रेस दिल्यावर की उभ्या गाडीतही? मिस्टरांनी किंवा कुणी मेकॅनिकने कधी पिकअप वाढवून घेतला होता का? जुन्या पंपाला डिझेलची मात्रा ठरवणारा स्क्रू असतो, तो पाव आटा फिरवला की गाडी कोपरी ब्रिज खुशीत चढते आणि मागे काळा पडदा सोडते. त्या स्क्रूवर कंपनीचं सील किंवा रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला, आटे चमकणारे दिसले तर कुणीतरी हात मारलाय. परत जागेवर आणायचं काम मात्र पंपवाल्याकडूनच करून घ्या, तिथे अंदाज चालत नाही. आणि उभ्या गाडीतही एका लयीत टक-टक आवाजासोबत धुराचे झटके येत असतील तर एखादा नोझल थेंब गाळतोय, तेव्हा चारही नोझल काढून टेस्टिंगला द्या, आधी नुसते नोझल. पंप खोलायची घाई नको, गॅरेजवाल्याने पंप आणि नोझल एका दमात सांगितलं म्हणजे त्याने बघितलेलं नाही असंच मी समजतो.

आता पीयूसीचं. डिझेलची टेस्ट म्हणजे न्यूट्रलमध्ये एकदम फुल रेस देतात आणि धुरातून उजेड किती अडतो ते मोजतात. तुमच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, बीएस-४ गाड्यांना ५०. रोज गोखले रोडवरून भाजी आणायला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरणारी गाडी थंडच राहते, सायलेन्सरमध्ये काजळी साठते आणि ती नेमकी टेस्टच्या वेळी बाहेर पडते. रविवारी सकाळी सहाला निघा, घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत थोडी ओढून या, शक्य तिथे एक गिअर खाली ठेवून, आणि गरम गाडी तशीच पीयूसीला न्या. ही फसवाफसवी नाही, टेस्ट गरम इंजिनावरच करायची असते. फक्त टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याचं बिल आधी शोधा. सापडलं नाही तर फुल रेस द्यायच्या आधी बेल्ट बदला, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग पंचवीस हजार स्वस्त वाटतील.

प्रश्न : सर, ब्लूटूथ स्कॅनर घेतला ऑनलाइन. गाडी २०१४ ची टर्बो डिझेल. मध्येच पिकअप जातो, ३००० च्या वर जात नाही, बंद करून चालू केली की बरी होते. स्कॅनरने पी ०२९९ कोड दिला. गुगल केलं तर टर्बो खराब. टर्बो ४० हजार सांगतायत, जुना मार्केटमधून घेऊ का? (एक वाचक, ऐरोली)

अरे मित्रा, पी ०२९९ म्हणजे "टर्बो खराब" नाही, "टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी" एवढंच. डॉक्टरने ताप आहे सांगितलं म्हणून लगेच किडनी बदलतो का आपण. ईसीयूला प्रेशर कमी दिसलं की तो इंजिन वाचवायला ताकद कमी करतो, त्यालाच लिंप मोड म्हणतात, आणि परत स्टार्ट केल्यावर तो पुन्हा नव्याने विश्वास ठेवतो बिचारा.

टर्बोपासून (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाड रबरी होज असतात. गाडी थंड असताना प्रत्येक होजच्या खालच्या बाजूने हात फिरव, वरून नको, फाटतात ते खालून आणि क्लिपच्या कडेला. या पाइपांत ऑइलचा हलका थर असतोच, त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे काळा तेलकट फराटा उमटलेला दिसतो. सापडला तर दीड-दोन हजारांत काम झालं. मग कुणाला तरी रेस द्यायला सांगून कान दे, फुस्स असा आवाज येतो का. टर्बोवर व्हॅक्यूमने हलणारा दांडा असेल तर त्याची बारीक नळी बघ, पेन्सिलीएवढ्या जाडीची, उन्हाने तडकते आणि हातात तुकडा येतो. हे सगळं ठीक निघालं तरच टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून पंखा बोटाने हलवून बघ, अर्थातच इंजिन बंद आणि गार असताना. आडवा किंचित हलतो ते चालतं, पण पाती घराला घासत असतील किंवा पंख्याचा दांडा पुढेमागे होत असेल तर मग टर्बोवाल्याकडे जा.

ऑइल मात्र आधी बघ. डिपस्टिकवर लेव्हल एकदम कमी झाली असेल आणि निळा धूर असेल तर गाडी चालवूच नकोस. टर्बोचं सील जाऊन ऑइल इंजिनमध्ये ओढलं गेलं की डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. तसं कधी झालंच तर मॅन्युअल गाडीत टॉप गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन मारून टाकायचं, घाबरून बॉनेटपाशी उभं राहायचं नाही.

कोड डिलीट करायची सवय लागली असेल तर सोड. त्या वेळचा स्पीड, आरपीएम, तापमान कोडसोबत साठवलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट घे आणि मग पुस. आणि तुझ्या मित्राची २०१० च्या आधीची गाडी असेल तर त्याला हा स्कॅनर घ्यायला सांगू नकोस, आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीचे बिघाड स्कॅनरने वाचायची ठरलेली पद्धत, सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांशी हे स्वस्त स्कॅनर बोलतच नाहीत.

प्रश्न : आमचे आजोबा एसटीत मेकॅनिक होते. ते म्हणतात गाडी मिसिंग मारत असेल तर चालू इंजिनवर एकेक नोझलचा नट ढिला करायचा, ज्याने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. माझ्या कॉमन रेल गाडीवर करू का? (एक वाचक, कळवा)

नाही. आजोबांना माझा नमस्कार सांगा, त्यांची पद्धत जुन्या पंपाच्या इंजिनवर शंभर टक्के बरोबर आहे, मीही तेच करत आलो. पण तुमच्या रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर जातं. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतं, यावरून समजा. नट ढिला केला तर निघणारी बारीक धार कातडीतून आत जाते, बाहेर नुसतं सुई टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. कुणाला असं झालंच तर ड्रेसिंग करून घरी बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जाऊन हाय प्रेशर डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा. लीकेज शोधायलाही हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

तुमच्यासाठी ओव्हरफ्लोची टेस्ट आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून एक बारीक रिटर्न पाइप टाकीकडे जातो, त्याला प्रेशर नसतं. इंजिन बंद ठेवून ते चार पाइप काढायचे, त्या जागी चार नळ्या लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, रिटर्न लाइनचं उघडं तोंड बंद करायचं आणि इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवायचं. बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बघा. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली असेल तर तो इंजेक्टर प्रेशर आतल्या आत परत सोडतोय. आजोबांना बाजूला बसवा, बाटल्या बघून त्यांना पटेल.

प्रश्न : पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी आलं तर घरी कळतं का? (एक वाचक, वाशी)

कळतं. फिल्टरच्या बुडाला ड्रेनचा स्क्रू असतो, खाली काचेची बरणी धरून कपभर काढा आणि अर्धा तास हलवू नका. पाणी जड, ते तळाला बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. तळाशी काळा बुळबुळीत चोथा असेल तर टाकीत शेवाळासारखं काहीतरी वाढलंय, मग नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. ते डिझेल गटारात ओतू नका, एवढं करा.

प्रश्न : गेल्या महिन्यात मुंब्रा बायपासला ट्रॅफिकमध्ये गाडी आपोआप बंद पडली, सेल्फ फिरत होता पण चालू होईना. टोइंगवाला येईपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात एका सेल्फमध्ये चालू झाली! गॅरेजमध्ये काहीच सापडलं नाही. असं तीनदा झालंय. (एक वाचक, कोपरखैरणे)

गरम झाल्यावर मरते आणि गार झाल्यावर जगते, गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर ती गारच असते म्हणून सापडत नाही. माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. फ्लायव्हील किंवा पुलीजवळ बसलेला बोटाएवढा सेन्सर, इंजिन फिरतंय हे ईसीयूला तोच सांगतो, आतली वायर गरमीत तुटते आणि गार झाल्यावर परत जुळते. ईसीयूला वाटतं इंजिन उभंच आहे, मग डिझेल कशाला सोडेल.

पुढच्या वेळी बंद पडली की फोन करायच्या आधी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत काटा दोन-अडीचशेपर्यंत थोडा तरी उचलला जातो, तो अजिबात जागचा हलला नाही तर सेन्सरच, किंवा त्याचा कनेक्टर. काटा हलतोय आणि तरी चालू होत नाही तर डिझेल पोचत नाहीये, मग वरचं पहिलं उत्तर वाचा. काट्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, मेकॅनिकला दाखवायला. आणि बायपासला ट्रेलर अगदी खेटून जातात, उतरायचं झालं तर डाव्या दारानेच उतरा.